विरजण न लागलेलं दूध

लिंबायत, सुरत

बापा उखा,

तुझ्या मायला अक्षर येत नाही, म्हणून बोलते मी आणि लिहिते तुझी पुतणी योगिता. ती मधेच रडते, तेव्हा ओळी वाकड्या दिसल्या तर माझ्यावर ढकलू नकोस.

कामरेजच्या तबेल्यातून तू माझ्यासाठी रोज दूध आणतोस. ताकद येते म्हणून मी ते कच्चंच प्यायले. त्याला विरजण लागेना, तेव्हा मी सुनेच्या हाताला नावं ठेवली. तू हसून म्हणालास, "माय, वहिनीला बोलू नको. म्हशींच्या ढेपेत औषधाची पावडर कालवतो, तिच्यानंच दही लागत नसेल. पण एक म्हैस आजारी पडत नाही!" म्हशी तुझ्या पैलवान झाल्या, बापा. खाटेवर मी आहे.

डॉक्टरनं औषधं बदलून पाहिली, ताप उतरत नाही. म्हणाला, पोटातले जंतू औषधाला सरावलेत, रोज औषध चारलेल्या म्हशींच्या कच्च्या दुधातूनच आले असतील, आता द्यायला काही उरलं नाही. मी म्हटलं, म्हणजे जंतूही घरचेच, माझ्या लेकाचं खाऊन माजलेले! योगिता हसली नाही.

घरात आता दूध उकळूनच घेतात. पावडर बंद कर, हे योगिता तुला सांगेल, माझं नाव न घेता. "पत्ता घालू?" ती विचारते. नको, पोरी. हे वाचलं तर पुन्हा कुणाला दूध द्यायला त्याचा हात धजायचा नाही.

उद्या तू कॅन घेऊन उशाशी बसशील, तेव्हा मी दह्यावरूनच बोलेन. तेवढंच ऐकून जा.

तुझी कुरकुरी
माय