चावलेल्या गोळ्या

४ मार्च
जुन्या लढाईच्या रानात दिवसभर धातू शोधायचे यंत्र फिरवले. शिशाच्या मूठभर गोळ्या, एक बक्कल आणि ठासणीच्या बंदुकीचा घोडा मिळाला—जबड्यात चकमकीचा दगड अजून तसाच! मी लगेच ओळखला. मामा म्हणाले, "पंतोजी, तुमची विद्या घाला चुलीत. गोळ्या इकडे आणा."

६ मार्च
साध्या गोळीला मामांच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात कोणी विचारत नाही. दात उमटलेली मात्र हातोहात जाते. पूर्वी पाय कापताना कळ सोसायला सैनिक गोळी दातांत धरत म्हणे. रानात चावलेल्या सापडतात त्या बहुतेक डुकरांनी चघळलेल्या—रुंद, सपाट ठसे. म्हणून मामांनी तोडगा काढला. गोळी खरी, चावा माझा! मग ती व्हिनेगरच्या वाफेवर ठेवायची. ताजा चरा पांढुरका होतो, जुना दिसतो. कार्ड मी लिहितो: 'शस्त्रक्रियेच्या वेळी जखमी सैनिकाने चावलेली गोळी.' शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

८ मार्च
पोटात मुरडा. तोंडात गोडूस चव. हिरडीवर निळसर रेघ दिसते—आरशात पुन्हा पुन्हा पाहिली. मामांना सांगितले.
"नाटकं नकोत. आई गेल्यावर तुम्हा दोघांना कोणी पोसलं? जमत नसेल तर सांग. धाकटीला अनाथाश्रमात टाकतो, तू हिंड उकिरडे फुंकत."
धाकटी दाराआड उभी होती. सात वर्षांची आहे, सगळे समजते.
चावल्या.

९ मार्च
धाकटी म्हणाली, "दादा, तू लोखंड खातोस?" शिसे, मी म्हटले.

१२ मार्च
संग्रहालयातल्या बाई आल्या. भिंग काढले, सहा गोळ्या ओळीने मांडल्या. प्रत्येक ठशात तोच तुटका कोपरा!
"काय हो, या एकाच सैनिकाचे पाय सहा वेळा कापले?"
मामा हसले. "शूर होता, बाई!"
त्या हसल्या नाहीत. माझ्याकडे वळल्या. "तोंड उघड बघू."
मी ओठ घट्ट मिटले. माझा पुढचा दात लहानपणी पायरीवर आपटून तुटला आहे.
"शिसं विष असतं, ठाऊक आहे ना? काही सांगावंसं वाटलं तर ये. मी असते."
"मुका आहे तो जरा," मामा म्हणाले.
त्या गेल्यावर कानाखाली बसली. "सहातल्या पाच गोळ्यांवर तरी तो कोपरा लपवायचास! थोबाडाने दुकान बुडवलंस!"
बरोबरच आहे. मी एवढा बारकाईने बघणारा, आणि स्वतःचा दात ध्यानात आला नाही!

१३ मार्च
मामा आज गोड बोलले.
लढाईत नगारा वाजवायला पोरे असत. पोराने चावलेली गोळी दिसली की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत पाणी येते. "नवं तोंड हवं, बारीक दातांचं. शोधायला कुठे जायचं? घरात आहे की!"
मी म्हटले, मामा, ती लहान आहे.
"म्हणून तर! मोठी असती तर काय उपयोग?" मग चहाचा घोट घेऊन, "नाहीतर सोमवारी आश्रमात सोडतो. तू ठरव. मी काय जबरदस्ती करतोय?"

१४ मार्च
संग्रहालयाच्या फाटकापर्यंत गेलो. बाई खिडकीत दिसल्या. हात हलवून "ये, ये" म्हणत होत्या. काय सांगणार? चावे माझे, अक्षर माझे. आणि धाकटीला मग कोण ठेवील?
परत फिरलो.

१५ मार्च
धाकटीला शिकवले. जीभ मागे, थुंकी गिळायची नाही, रडू आले तरी तोंड उघडायचे नाही. तिचे दुधाचे दात हलू लागले आहेत—पडायच्या आत उरकायला हवे.
ठसे माझ्याहून सुबक उमटले.