शरदिनीने निवडलेली खेसारी

मी, यज्ञेश्वर शिवराम मुंडले, वय अठ्ठावन्न, व्यवसाय जीवरसायनाचे संशोधन, राहणार दूधविनायक, काशी, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणावाचून लिहून ठेवतो. पायांवर माझी सत्ता उरलेली नाही आणि पाठीच्या जखमा भरत नाहीत, म्हणून कचेरीत न जाता अंथरुणावरच लिहितो आहे. बुद्धी शाबूत आहे, याची खात्री डॉक्टर वेणीमाधव आठल्ये यांनी मला बराच वेळ छळून करून घेतली आहे.

कलम १. राहत्या घरातील माझा हिस्सा मुलगी शरदिनी हिला द्यावा. धाकटा भाऊ दिनानाथ याने तिला बाहेर काढू नये. स्वयंपाकघर सामाईक आहे ते तसेच राहो. मात्र दिनानाथ ज्या अन्नछत्राची व्यवस्था पाहतो, तेथली डाळ या घरात शिजू नये.

याचे कारण लिहितो. आमची थोरली बहीण सीताअक्का बालविधवा. ती त्या छत्रात जेवत असे. एका हिवाळ्यात अहिल्याबाई घाट चढताना तिचे गुडघे एकमेकांत अडकू लागले. पुढे ती हातांवर सरकत अंगणात येई. पंक्तीतल्या आणखी काही विधवांचेही तेच झाले. डाळीत स्वस्त खेसारी, म्हणजे देशावरची लाखेची डाळ, मिसळलेली होती; ती रोज खाल्ली की पाय लुळे पडतात. मी सांगितले तेव्हा दिनानाथ म्हणाला, "दादा, धर्माचं अन्न आहे. त्यात खोट काढू नका." अक्का मरेपर्यंत तशीच सरपटत राहिली.

कलम २. सूक्ष्मदर्शक, तराजू व सर्व काचसामान शरदिनीला. माझे खेसारीवरचे निबंध विलायतेत वाचले जातात, एका जर्मन ग्रंथात त्यांचा आधार घेतला आहे. आमच्या गल्लीत मात्र त्यांच्यामुळे एक पातेलेही चुलीवरून उतरले नाही. खेसारीतले विष वेगळे काढणे मला जमले नाही. पुढे जो काढील, त्याने माझ्या चुका खुशाल दाखवाव्यात.

माझ्या वरिष्ठ साहेबांनी छापून आणले की दोष खेसारीत नाही, तिच्यात मिसळणाऱ्या अकटा नावाच्या रानबियांत आहे. व्यापाऱ्यांना हे फार सोयीचे झाले. चाळली की विकायला मोकळे. मी चाळलेली खेसारी माकडांना घातली. ती लुळी पडली. साहेब म्हणाले, माकड म्हणजे माणूस नव्हे. म्हणून मग अकटा काढलेली खेसारी मी स्वतः रोज खाल्ली. साहेबांना माझ्याकडून काही नाही.

कलम ३. मी गेल्यावर, दहनापूर्वी, डॉक्टर वेणीमाधव यांनी माझी पाठ उघडून मज्जारज्जू काढून घ्यावा व तपासावा. निष्कर्ष माझ्याविरुद्ध निघाला तरी छापावा. कापलेल्या देहाला अग्नी देणार नाही, असे दिनानाथ म्हणतो. त्याला भाग पाडू नये. अग्नी शरदिनी देईल. पुरोहित मिळाला नाही तर मंत्रांवाचून द्यावा.

कलम ४. दिनानाथ गल्लीत सांगत फिरतो की पोरीने बापाला विष घातले. तरी लिहून देतो: विचार माझा, खाणाराही मीच. पहिल्या दिवशी तिने ताट दूर सारले आणि रागावली की बोलते तशी हिंदीत म्हणाली, "बाबा, अब बस कीजिए." मी ऐकले नाही. तेव्हा ती परात घेऊन माझ्यासमोर बसली आणि डाळ निवडू लागली. अकट्याचे एक बी राहिले तरी साहेब दोष त्यालाच देतील आणि सगळे वाया, हे तिला ठाऊक होते.

हे कलम तिला वाचून दाखवले.

"खोडा हे," ती म्हणाली.

"लोक तुला दोष देतील."

"देऊ देत. मी मनाविरुद्ध बसले असं लिहिलंत, तर माझ्या निवडण्यावर कोण विश्वास ठेवील? डाळ मी निवडली. त्यात अकटा नव्हता. तेवढं लिहा."

कलम खोडत नाही, पण तिचे म्हणणे जोडतो. डाळ शरदिनी यज्ञेश्वर मुंडले हिने निवडली; त्यात अकटा नव्हता. शेवटच्या निबंधावर तिचे नाव माझ्या आधी घालावे.

सहीसाठी ती आता माझे एकमेकांत अडकलेले पाय सोडवून मला बसवते आहे. या रोगात पाय हलत नाहीत, स्पर्श सगळा कळतो.

(सही) यज्ञेश्वर शिवराम मुंडले

साक्षीदार:
(सही) डॉ. वेणीमाधव आठल्ये
(अंगठा) अन्नपूर्णाबाई, अन्नछत्रात जेवणाऱ्या. काठ्यांवर चालत आल्या

मुक्काम काशी, मार्गशीर्ष, शके १८६०