एकाच वाणाचे

कुवेंपुनगर, म्हैसूर
१४ सप्टेंबर १९८४

प्रिय जयतीर्थ,

यंदाही दसऱ्याला येत नाहीस, म्हणे. अक्का, रागावू नको, असंही वर लिहितोस. रागावू नको तर काय करू? तीन वर्षं हुबळीत बसून तुझं एकच रडगाणं: मी अप्पांना बन्नीमंटपाला मशालींची परेड बघायला नेलं, गार वाऱ्यात बसवलं, म्हणून दोन दिवसांत ते गेले. अय्यो, पुरे कर रे!

माझं विचारतोस, तर लॅबमध्ये अजून उंदीरच सांभाळते. एक वाण पांढरा, एक काळा. पिढ्यान्‌पिढ्या भावाबहिणीचीच जोडी लावल्यामुळे एका वाणाचे सगळे अगदी एकसारखे. झोपेचं औषध टोचायचं, उताणा ठेवायचा आणि पालथा व्हायला किती मिनिटं लागली ते लिहायचं. डोस वजनाप्रमाणे सारखाच. पण आमचे काळे अर्ध्या तासात उठून मिशा पुसतात, पांढरे दीड-दोन तास पडून. यकृतात औषध मोडणारं एन्झाइम त्यांच्यात जन्मतःच मंद.

आपल्या घरालाही मी थट्टेनं वाणच म्हणायची. मामा-भाचीचीच लग्नं: आजी ही आजोबांची भाची, अम्मा ही अप्पांची भाची, चार घरांतच सगळ्या सोयरिकी. खाण तशी माती! अप्पांचं नाक, अप्पांची अर्धशिशी, अप्पांची झोप न लागण्याची खोड, सगळं मला आलं. फार आठवण येते रे त्यांची.

परेडीहून ते खुशीत आले होते, जया. झोप येईना, म्हणून माझ्या झोपेच्या गोळ्यांतली एक मी त्यांना दिली. माझंच रक्त, मला सोसते ती त्यांनाही सोसेल, असं धरून चालले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते पेंगत होते. रोज उंदरांची मिनिटं लिहिणारी मी, मला कळायला नको? दमलेत म्हटलं आणि रात्री दुसरी दिली. पहिली अंगातून उतरलीच नव्हती. सकाळी ते उठले नाहीत. डॉक्टरांनी वय विचारलं, गोळ्यांचं कुणी विचारलं नाही. तू वाऱ्याच्या नावानं रडलास आणि मी तुला रडू दिलं. आता लिहितोस, अप्पांच्या श्राद्धाला बसायचा मला हक्क नाही. हक्क तुझाच आहे. ये आणि पिंड तूच ठेव. माझं तोंड बघवणार नसेल तर तसं कळव, त्या दिवशी मी हिनकलला मैत्रिणीकडे जाऊन बसेन.

अजून म्हणू देशील तर, तुझीच
अंबुजाक्का