मिठाचा मान आणि पेपरमिंट

११ जाने., रवि.
आज बापूच्या रानात, कोडोलीला, आमच्या मंडळाचा रस्सा. मी घरात. सुमननं मऊ भात नि ताक पुढं ठेवलं, गपगुमान खाल्लं. बायकोपुढं काय चालतंय? दिवाळीपासनं हेच. जेवलं की पोटाचा नगारा, मागनं कळ.
मंडळात मटण रफीक बघतो, चूल बापू, आणि मीठ माझं. ते वर्षानुवर्षं ठरलेलं. चव बघायला दुसरं कुणी पातेल्यात पळी घालत न्हाय. संध्याकाळी बापूचा फोन, मीठ पार कमी पडलं म्हणं. वाईट वाटायला पायजे हुतं. लई बरं वाटलं.

१३ जाने., भोगी
बाजरीची भाकरी, लोणी, वांगं-घेवड्याची भाजी. हावरटपणा केला. दुपारी कळ. सुमननं सरळ डॉक्टरकडं नेलं. त्यांनी आधीच्या सगळ्या तपासण्या बघितल्या. वाईट काय न्हाय, आतडं तेवढं चिडकं हाय म्हणाले. मालकासारखंच, असं सुमन.
औषध काय, तर पेपरमिंटच्या तेलाच्या कॅप्सूल! जेवणाआधी अर्धा तास, पाण्याबरोबर. शाळेत असताना चघळायचो तीच की ही पेपरमिंट. हसू आवरंना. डॉक्टर आणखी कायतरी सांगत हुते, तवर मी चपला घातल्या.

१७ जाने.
गुण हाय. पोट गप. दुकानात दिवसभर पंपाच्या मोटारींचं वायंडिंग केलं, एकदाबी पट्टा सैल करावा लागला न्हाय. रात्री पिठलं-भाकरी, वर ठेचा. झोप लागली.
सुमननं डॉक्टरला फोन करून विचारलं, रस्सा चालंल का. बेतानं, म्हणाले. बापूला लगेच कळवलं, २५ ला येतोय, मिठाला हात लावू नका.

२५ जाने., रवि.
शोभा झाली.
रानात पोचायला उशीर. पातेलं उकळत हुतं, सगळी माझीच वाट बघत बसलेली. कॅप्सूल घ्यायची ऱ्हायलीच हुती. अर्धा तास थांबायचं कसं? बापू म्हणाला, "पेपरमिंटच हाय न्हवं, चघळ की. लवकर लागू पडंल."
पटलं. चघळली. आयला! तोंड गार, नाक गार, छातीत जाळ. तसाच पळी घेऊन चव बघाय गेलो. काय लागंना. मीठ घातलं. परत बघितलं. परत घातलं. कुणी अडवलं न्हाय, मान माझा ना.
रफीकनं वाटी तोंडाला लावली नि खाली ठेवली. मग खारटपणा ओढायला कणकेचे गोळे सोडले, पाणी वाढवलं, सगळ्यांनी भाकरी जास्त घेऊन खाल्लं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२६ जाने.
सुमननं पाकीट नाकापुढं धरलं. अख्खी गिळा, चावू नका, असं छापलंय. तिनं मुद्दाम दोनदा वाचून दाखवलं. आत जाऊन फुटायसाठी वरचं आवरण असतंय, तेच मी दातानं फोडलं. डॉक्टर तेच सांगत हुते म्हणं, मी चपला घालताना.
पोट ठीक. मन न्हाय. बापूचा फोन न्हाय.

३१ जाने.
रफीक दुकानात आलता, पंपाची मोटर घेऊन. चहा झाला. जाताना म्हणाला, ८ ला रस्सा हाय. मिठाचं कायबी बोलला न्हाय, मीबी विचारलं न्हाय. दुसऱ्या कुणाकडं दिलं असंल तर काय करायचं? जायचं, खायचं, यायचं. एवढं सोपं हाय व्हय ते.

८ फेब्रु., रवि.
घरातनं निघताना कॅप्सूल गिळली, अख्खी. सुमन समोर उभी ऱ्हाऊन बघत हुती.
रानात गेल्या गेल्या बापू म्हणाला, "आ कर." केला. त्यानं जीभ बघितली, तोंडाचा वास घेतला, मग कांद्याची फोड दिली. तिखट लागली. लई तिखट लागली, डोळ्यात पाणी. तसं त्यानं पळी माझ्या हातात दिली.
चव घेतली. थोडं कमी हुतं. चिमूट उचलली, पण हात पातेल्यावर तसाच थांबला.
रफीक म्हणाला, "घाल की. तुजंच हाय ते."
घातलं.
तांबडा रस्सा एक वाटीच घेतला, पांढरा दोन. रफीकनं वाटी तिसऱ्यांदा पुढं केली, बापूनं भाकरी बाजूला सारून नुसता रस्साच प्याला. घरी येऊन आडवा झालोय. पोटात जरा गुरगुर हाय, सकाळी काय ते कळंल. मीठ बरोबर हुतं.