बगळ्याच्या मानेतली फट

आप्पा, परवा दुपारी अडत्यांची नात घरी आली. तिने एक प्रश्न विचारला, मी उत्तर दिले, आणि त्या उत्तराने तेव्हापासून मला स्वस्थ बसू दिलेले नाही. एवढ्याच कारणासाठी लिहिते आहे. तुमची आठवण आली म्हणून नाही. तुम्हाला जाऊन छत्तीस वर्षे झाली, त्यात तुम्हाला एक ओळ लिहावी असे मला कधी वाटले नव्हते.

अडते म्हणजे सांगलीच्या हळद पेठेतले आपल्या दुकानासमोरचे. त्यांच्या पोत्यांवर रंगाने छापायचे मार्के तुम्ही पत्र्यात कापून देत होता. त्यांचा मुलगा हळद सोडून मुंबईला गेला आणि त्याने टीव्हीसाठी कार्यक्रम करायची कंपनी काढली. ती कंपनी आता ही नात चालवते. कंपनीला पन्नास वर्षे होतात, म्हणून ती एक कार्यक्रम करते आहे. त्याच्या शेवटी, नावे सरकून गेल्यावर, कंपनीचे चिन्ह असलेला बगळा पन्नास वर्षांत कसा कसा बदलत गेला ते दाखवायचे आहे. सगळे बगळे तिच्याकडे आहेत, फक्त पहिला नाही. आजोबांनी तिला सांगून ठेवले होते, ‘पेठेतल्या पेंटरनं काढला होता.’ म्हणून ती पेंटरची मुलगी शोधत साताऱ्याला आली.

पेंटरनं काढला होता. हे वाक्य मी आयुष्यभर ऐकले आहे आणि ते खोटे आहे हे जगात आपल्या दोघांना ठाऊक होते, फार तर शेजारच्या बारदानवाल्याला.

आणीबाणीचे दुसरे वर्ष. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. दुपारी तास संपले की दुकानात येऊन मी पुठ्ठ्यांना अस्तर देते, ब्रश धुते, आणि तुम्ही बाहेर गेलात की पत्रा कापते. अडत्यांच्या मुलाला कंपनीचा मार्का हवा आहे. कृष्णेच्या काठावर उभा असतो तसा बगळा, मान मुडपून चोच छातीला टेकवलेला. तुम्ही आठ दिवस खपून तो रंगवता. हिरव्या पाण्यात लाल बगळा, मागे भगवा सूर्य, पिसांना सावली. मी म्हणते, ‘आप्पा, टीव्ही काळा-पांढरा असतो. लाल आणि हिरवा तिथे सारखेच दिसतील.’ तुम्ही ब्रश न थांबवता म्हणता, ‘लय शिकलीस. चाळीस वर्सं बोर्ड रंगवतोय, रंग मला नगं शिकवू.’ तो बोर्ड मुंबईला जातो आणि पंधरा दिवसांनी चिठ्ठीसकट परत येतो. कॅमेऱ्यात करड्या डागाशिवाय काही दिसत नाही, असे तिथल्या माणसाने लिहिले आहे. ती चिठ्ठी तुम्ही बिडी पेटवायला वापरली. चूक तुमची निघाली की तुम्ही कधीच काही बोलत नसा.

मग मी बगळा पत्र्यात कापला. पोत्यांच्या मार्क्यासारखा, सावली नाही, पिसे नाहीत, नुसता आकार, आणि मानेत एक बारीक फट. काळ्या पुठ्ठ्यावर पत्रा ठेवून पांढरा रंग थोपटला आणि पत्रा उचलला. बगळा उभा होता. शेजारचा बारदानवाला दारातून बघत म्हणाला, ‘पेंटर, पोरगी तुमच्या पोटावर पाय आणणार बघा.’ तुम्ही हसलात. मला वाटले, कौतुकाने हसलात.

पुठ्ठा बघायला अडत्यांचा मुलगा स्वतः आला. मी कपबशा घेऊन आतल्या दारात उभी होते, म्हणून शब्दन् शब्द ऐकला. तो म्हणाला, ‘वा. हा कोणी काढला?’ तुम्ही म्हणालात, ‘मीच की. दुसरं कोन हाय दुकानात?’ तो म्हणाला, ‘मग ज्याने काढला त्याला मी मुंबईला नेतो. कार्यक्रमाच्या शेवटी नावांच्या पाट्या असतात, त्या लिहायला मला असाच हात पाहिजे. खोली देतो, पगार देतो. बघा.’ तुम्ही म्हणालात, ‘आवं, ह्या वयात मी कुठं मुंबईला येतोय? न्हाई जमायचं.’ आणि मला हाक मारलीत, ‘चहा आन गं.’

दोन वाक्यांत झाले, आप्पा. पहिल्या वाक्यात तुम्ही माझे काम घेतले आणि दुसऱ्या वाक्यात ते टाकून दिले. मी तो चहा आणून ठेवला. एक थेंब बशीत सांडला नाही, याचा मला आजही राग आहे.

पुढे पुठ्ठ्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात तुम्ही तुमची सही केली, प्रत्येक बोर्डावर करायचा तशी, लाल रंगात. काळ्यावर लाल. टीव्हीच्या काचेला गोल कोपरे असतात आणि ती चित्राच्या कडा खाते, हेही तुम्हाला कोणी सांगितलेले नव्हते. कार्यक्रम लागायचा होता त्या दिवशी आपण एसटीने साताऱ्याला आत्याकडे गेलो, कारण पुण्याचे चित्र साताऱ्यापर्यंत यायचे, सांगलीला यायचे नाही. आत्याच्या शेजाऱ्यांकडे उंच बांबूवर अँटेना होता आणि खोलीत तीस-पस्तीस माणसे. कार्यक्रम गुऱ्हाळांवर होता. कोणाला त्यात रस नव्हता, गूळ सगळ्यांनी पाहिला होता. शेवटी नावांच्या पाट्या आल्या, हाताने एकेक पुढे सरकवलेल्या, आणि सर्वांत शेवटी बगळा. किंचित थरथरत होता, त्याचे पाय काचेखाली गेले होते, पण मान पूर्ण दिसत होती आणि मानेतली फटही. तुम्ही उठून थेट टीव्हीपाशी गेलात आणि कोपऱ्यावर बोट टेकवलेत. ‘हितं खाली माजं नाव हाय. काचंच्या आड गेलंय.’ मागून कोणीतरी म्हणाले, ‘आप्पा, आम्ही पलीकडनं येऊन बघू का?’ सगळी खोली हसली. आत्या म्हणाली, ‘आवं दादा, बसा की खाली, पोरास्नी दिसंना.’ बगळा गेला आणि बातम्या सुरू झाल्या. तुम्ही मात्र तिथेच उभे.

मला त्या वेळी तुमची दया यायला हवी होती. आली नाही. बरे झाले, असेच वाटले.

परतीच्या एसटीची वाट बघताना मी स्टँडवर म्हणाले, ‘आप्पा, बगळा माझा आहे. मला मुंबईला जायचे होते.’ तुम्ही माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाहीत. म्हणालात, ‘दुकानावर बोर्ड कुणाच्या नावाचा हाय? त्या दुकानातनं जे जातं ते समदं माजं.’ थोड्या वेळाने म्हणालात, ‘आन् पोरीच्या जातीनं पत्रा कापलाय असं कळलं तर कोन करून घेईल तुला?’ त्या उन्हाळ्यात तुम्ही पत्र्याची कात्री कुलपात ठेवली. मी बी.ए. झाले, बी.एड. केले, साताऱ्यात नोकरी लागली, लग्नही इथेच झाले. एकतीस वर्षे शिकवले, शेवटची नऊ मुख्याध्यापिका होते. फळ्यावरचे माझे अक्षर सुंदर आहे असे निरीक्षक म्हणत. फळ्यावरचे अक्षर संध्याकाळी पुसतात.

पण बगळा मी सोडला नाही. कार्यक्रम संपला की घरातली माणसे ताटे घ्यायला उठत, मी बसून राहत असे. टीव्ही रंगीत झाला तेव्हा बगळा सोनेरी झाला, मागे निळे आकाश आले. मग तो व्हिडिओत फिरू लागला, गिरक्या घेत यायचा आणि धाडकन थांबायचा. एकदा तर तो चकचकीत स्टीलचा झाला, आपल्या भांड्यांसारखा, आणि त्याने पंख पसरले. मान मुडपून उभा राहणारा पक्षी आहे हे विसरलेच होते कोणीतरी. मला इतका संताप आला की कंपनीला पत्र लिहायला बसले, आणि खाली नाव काय घालावे हे न सुचल्याने फाडून टाकले. नंतर पंख गेले, पाय गेले, अंगही गेले, नुसती मान राहिली. मग नावेच पडद्याच्या एका बाजूला चेपून टाकू लागले, दुसऱ्या बाजूला पुढच्या मालिकेची जाहिरात, आणि त्या चेपलेल्या पट्टीच्या तळाशी मान, करंगळीच्या नखाएवढी. आता तर फोनवर नावे यायच्या आतच पुढचा भाग सुरू होतो. पण प्रत्येक बगळ्यात, स्टीलच्यासुद्धा, मानेतली फट होती. पोत्याचा मार्का पत्र्यात का कापतात आणि त्यात फट का लागते हे मुंबईतल्या कोणालाही माहीत नव्हते. तरी कोणी ती बुजवली नाही.

नातीने तिच्या फोनवर मला आत्ताचे चिन्ह दाखवले. एक तिरकी रेघ, मध्ये तुटलेली. बगळा नाही, काही नाही. ती म्हणाली, ‘आजी, खरे सांगू, आता आमच्याकडे ही फट तेवढी उरली आहे. सगळे डिझायनर तिचेच कौतुक करतात. बगळा तुमच्या वडिलांनी काढला ना?’ मी म्हणाले, ‘नाही. मी कापला.’ तिला सगळे सांगितले, चहासकट. तिचे डोळे भरून आले, ते मला फारसे आवडले नाही. मग तिने विचारले, ‘आणि ही फट? ती कल्पना कोणाची?’

मी म्हणाले, ‘माझी.’

तुम्हाला माहीत आहे काय झाले होते ते. मी मान छातीपर्यंत आणून सबंध गोल कापली, आणि मधला बदामाएवढा पत्रा सुटून फरशीवर टणकन पडला. तुम्ही नेमके त्याच वेळी बाहेरून आलात. मला वाटले, आता मार बसणार. तुम्ही तो तुकडा उचललात आणि म्हणालात, ‘बगळ्याचं काळीज पडलं की गं.’ दुसरा पत्रा घेतलात, खडूने त्यावर माझा बगळा उतरवलात, आणि मानेवर दोन बारीक रेघा मारल्यात. ‘हितं पूल सोड. मधलं कशाला तरी धरून ऱ्हायाला पायजे.’ त्या पुलाखाली रंग पोचत नाही, तीच ती फट. कात्री माझ्या हातात दिलीत आणि बिडी ओढायला बाहेर गेलात. तुम्ही कापला नाहीत. पण फट तुमची आहे, आप्पा, आणि बगळ्यातले उरले आहे ते तेवढेच.

हे मी नातीला सांगू शकत होते. ती अजून अर्धा तास बसली होती, तिने पोहे खाल्ले, दोनदा विचारले, ‘आणखी काही?’ मी नाही म्हणाले. ‘मीच की’ म्हणताना तुम्हाला किती सोपे गेले असेल, ते मला त्या दुपारी कळले. त्यामुळे तुम्हाला माफ केले असे समजू नका. मी फक्त तेच केले जे तुम्ही केले होते, आणि माझ्या दारात तर ऐकणारे कोणी उभेही नव्हते.

हे पत्र कुठे पाठवायचे नाही, ट्रंकेत जाईल. तिला दिले ते असे: जस्ती पत्रा, एक, बगळ्याचा मूळ छापा, कडेला गंज. तिने पावती केली, मी सही केली. काढणारे, या शब्दापुढे माझे नाव. मानेतल्या फटीची कल्पना, यापुढेही माझे नाव. कार्यक्रमानंतर मुंबईहून परत आलेला, तुमची लाल सही असलेला काळा पुठ्ठा ट्रंकेत तळाशी होता, तो मी दिला नाही.