खालचा डावा पाय

कोपर, डोंबिवली
गुरुवार, २४ जानेवारी १९९१

प्रिय धाकू,

हे पत्र हातात पडेल तिथेच उभ्याने वाच. चहा नंतर पी. शेजारचा भगवान ट्रक घेऊन तुझ्याकडे धुळ्याला निघालाय, दाराशी हॉर्न मारतोय, आणि मी तिसरी शिकलेली बाई, माझा हात भरभर चालत नाही. मंगळवारी तुझं पत्र आलं. रविवारी तुझे साहेब त्यांनी स्वतः बांधलेलं विमान उडवणार, आधी एकटे एक फेरी मारणार, मग तुला मागे बसवणार, असं लिहिलंस. बसू नकोस. साहेबांनाही बसू देऊ नकोस. साहेबांच्या घरी तीनदा फोन लावला, कोणी उचलत नाही. मीच आले असते, पण ग्रिल लावताना शिडीवरून पडल्यापासून तुझ्या भावोजींचा पाय प्लास्टरमध्ये आहे, त्यांना संडासलाही धरून न्यावं लागतं.

साहेब पहिल्यांदा तुला घेऊन आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये आले तेव्हा मी तोंडावर हसले होते, आठवतं? आम्ही खिडक्यांच्या ग्रिल करणारी माणसं. म्हटलं, साहेब, तुमच्या विमानाला खिडक्या किती? ते म्हणाले, बाई, मला इंजिन धरणारा सांगाडा हवाय, आणि मोठ्या वर्कशॉपवाल्यांनी मला वेडा ठरवलंय. भावोजींनी ते बाहेरून मागवलेले पातळ पाइप हातात घेतले आणि पुढे दोन महिने मला नवराच उरला नाही. पाइपाचं तोंड दुसऱ्या पाइपावर चपखल बसावं म्हणून आ वासलेल्या माशाच्या तोंडासारखं कापायचं. त्या कामाला कोळणीपेक्षा चांगलं कोण? सगळी तोंडं मीच कानशीने घासली. मधून उजेड दिसला की भावोजी परत करायला लावायचे. माझ्याशी कधी बोलले नाहीत इतकं हळू त्या लोखंडाशी बोलायचे.

साहेबांचा एकच हट्ट होता. सांधा जोडला की आपोआप थंड होऊ द्यायचा. पंखा बंद, दाराला गोणपाट, वारासुद्धा लागता कामा नये. आधी तुकड्यांवर हात बसवायचा, मग खरा सांधा. मला ते सगळं देवाचं सोवळं वाटायचं. ग्रिलला आपण काय करतो? गिऱ्हाईक दारात उभं असतं, वेल्डिंग झालं की मगभर पाणी ओततो, चुर्र होतं, उचला आणि न्या.

शेवटचे दोन सांधे, सांगाड्याच्या खालच्या डाव्या पायाचे, तुझ्या हळदीच्या दिवशी झाले. भावोजी म्हणाले, मी अंघोळ करून येतो, हे गार झालं की झाक, तोवर हात लावू नको. तिकडे बाळकुमला आपल्या घरी तुझ्या अंगाला हळद लागणार आणि करवली इथे लोखंडाची राखण करत बसणार? आईचा निरोप दोनदा येऊन गेला होता. भोवती गोणपाट, आगीची भीती, तापलेलं लोखंड तसंच सोडून कुलूप लावायची सोय नव्हती. मी पाण्याचा मग भरला आणि ओतला. दोन्ही सांध्यांवर. गोणपाटाने पुसलं, झाकलं, लुगडं बदललं. भावोजींना वाटलं आपोआप गार झालं. त्या हळदीत ते नाचले, धाकू. बावीस वर्षांच्या संसारात मी त्यांना नाचताना पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी भिंग लावून पाहिलं, भावोजींचा हात हातात घेतला. वर रंग चढला. मला वाटलं, एवढ्याशा पाण्याने काय होतं.

तू त्यात बसणार हे तुझ्या पत्रात वाचलं आणि तशीच शेडमध्ये गेले. सरावाचे दोन तुकडे कोपऱ्यात होते. भावोजी झोपलेले असताना ज्योत लावली, एकाचा सांधा लालबुंद केला आणि तस्संच पाणी ओतलं. मग दोन्ही तुकडे एकेक करून शिकंज्यात धरून हातोडा घातला. बिनपाण्याचा वाकला. चार घाव खाल्ले, वाकला, पण सुटला नाही. पाण्याचा पहिल्याच घावाला पापडासारखा मोडला. दोन्ही तुकडे भगवानकडे दिलेत. त्या विमानात इंजिन थरथरणार, आणि त्या पायावर लटकणार.

साहेबांना विचारायला जाऊ नकोस. रंगाखाली तडा दिसत नाही, साहेब पुन्हा भिंग लावतील आणि म्हणतील, तुझ्या बहिणीचं काहीतरीच. सहा वर्षं वाट पाहिलेला माणूस एका अडाणी बाईच्या चिठ्ठीने थांबेल का? म्हणून हे लिहिलंय, की तू करवत घे आणि खालचा डावा पाय काप. आरपार. मग साहेबांना आमच्या अंगावर ओरडायचं तेवढं ओरडू दे, कापलेलं विमान कोणी उडवत नाही. तुकडे त्यांना नंतर दाखव. आणि तुझ्या भावोजींनी, गोमाजीने काम बिघडवलं असं कोणी म्हणालं तर तिथेच अडव. पाणी चंद्रभागेने ओतलं, हे सगळ्यांसमोर सांग, साहेबांसमोर तर सांगच. भावोजींना मी अजून सांगितलेलं नाही. त्यांनी आयुष्यात एकच चीज केली, ती मी मोडली, आणि आता तुझ्या हातून कापून घेतेय. ते माझं मी बघेन. तुझ्या लक्ष्मीच्या हातातला लग्नाचा हिरवा चुडा अजून उतरला नाही रे. काप.

तुझीच, जन्मभर घाईत राहिलेली,
चंद्राबाय