दोघांचा व्हिसा आला

सापगाव, मंगळवार, संध्याकाळ

आज सिंगापूरचा व्हिसा आला. दोघांचा.

टूरवाल्याचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. "काकू, अभिनंदन! काका कुठंयत?" मी म्हटलं, बाहेर गेलेत. असं का म्हटलं मी? ह्यांना जाऊन महिनाही झाला नाही.

भातसा धरणावरची नोकरी संपल्यापासून ह्यांना एकच ध्यास होता, एकदा विमानानं परदेशात जायचं. पण देश निवडताना केवढा घोळ! नेपाळला भूकंप होतात, बालीला ज्वालामुखी आहे. शेवटी सिंगापूर सुरक्षित ठरलं. मग विमा काढला, पासपोर्टच्या झेरॉक्स एकमेकांच्या पिशवीत ठेवल्या. माझ्या बीपीच्या गोळ्या तर ह्यांनी दुप्पट आणल्या. म्हणाले, "तिकडं तुला काय झालं तं मी कुणाला हाक मारू गो?" सगळी काळजी माझ्याच जिवाची. स्वतःच्या छातीत दुखतंय, हे मात्र बोलले नाहीत. आणि गेले कुठे, तर आपल्याच ओटीवर, चपला घालता घालता. त्या गोळ्या अजून कपाटात आहेत. दुप्पट.

थोड्या वेळानं मीच फोन लावला. "दोघांचंही रद्द करा."

"का हो काकू? काकांना बरं नाय का?"

नातेवाइकांना सगळं लेकीनंच कळवलं होतं. मला कुणाला सांगावंच लागलं नव्हतं.

"वारले ते," मी म्हटलं. माझ्या तोंडून हे आज पहिल्यांदाच निघालं.